जिवंत माणसांचा विचार

माळेवाडीच्या माळावर सौरऊर्जेचा मोठा प्रकल्प उभा राहिला. तिथली वीज उंच तारांनी शहराकडे जायची. तारा वाडीवरूनच गेल्या होत्या, पण वाडीत एकही दिवा नव्हता. गंगव्वाची सून शिवलीला पहाटेच्या अंधारात चूल पेटवायला गेली आणि तिला साप चावला. त्यातच ती गेली. माळाच्या उतारावर, वाडीच्या दफनभूमीत तिला पुरलं.

पुढे प्रकल्प वाढवायला तोच उतार हवा झाला. मोठे साहेब स्वतः वाडीत सभेला आले. सगळ्यांनी माना डोलावल्या. गंगव्वा तेवढी नाही म्हणाली.

साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "आजी, तिथे नुसती थडगी आहेत. मेलेल्यांना उन्हाचा काय उपयोग? जरा जिवंत माणसांचा विचार करा."

"खरं बोललात," गंगव्वा म्हणाली. "माझी सून बी जिवंतच होती की. तवा तुमची तार घरावरनं गेली, घरात उतरली नाही. आता ती मातीत गेली, तर तुम्ही तिच्या दारात आलात. मग साहेब, मेलेल्यांच्या मागं कोण लागलंय, मी का तुम्ही?"

माना डोलावणारी माणसं उठून गंगव्वाच्या मागे जाऊन बसली. उतार राहिला, आणि वाडीत वीज आल्याशिवाय पुढचं काम नाही, असं ठरलं.

यथावकाश वीज आली. गंगव्वाच्या घरात दिवा लागला तेव्हा शेजारणी हौसेने जमल्या. चुलीमागच्या भिंतीतलं बीळ पहिल्यांदाच लख्ख दिसलं. गंगव्वाने माती कालवली आणि ती बीळ बुजवत बसली.