गजराबाईच्या लिंबोण्या

“...पण स्वतःच्या हातानं, बाबा? स्वतःच लावलेली झाडं कुणी तोडतं का?”

दिनकररावांचा आवाज चिरकला होता. अंगात पाडव्याचा नवा कोरा सदरा आणि हातात कुऱ्हाड.

हसनशा फकीर, गावाचे बाबा, चिंचेखाली बसले होते. ते कुऱ्हाडीकडे पाहत राहिले.

“ही तिचीच, गजराबाईची. हिसकावून घेतली तेव्हा कुठं थांबली. पाचातल्या तीन लिंबोण्या आडव्या! लिंबं धरली होती हो... वाटाण्याएवढी.”

मी मागे उभा होतो. मी खताच्या पेंडीचा व्यापारी, सणाचा त्यांच्याकडे जेवायला आलेलो. ओरडा ऐकून वाढलेल्या ताटावरून उठून दोघंही धावलो होतो. फळ धरलेल्या झाडावर बाई घाव घालतेय, डोळ्यांत पाणी नाही, तोंडातून शब्द नाही... खोटं कशाला सांगू, असं मी कधी पाहिलं नव्हतं.

वाघोड्याची रीत तुम्हाला ठाऊक नसेल. तिथली सगळी जमीन दिनकररावांची. कसणारे कसतात, पिकातला वाटा देतात. पण दर पाडव्याला वावरांची अदलाबदल. याचं त्याला, त्याचं याला. माणूस एका जागी टिकला की हक्क सांगायला लागतो, म्हणून त्यांच्या वडिलांनी ही रीत पाडलेली. खोपटीही वावरावरच, त्यामुळे बिऱ्हाडही हलायचं. दाराची चौकट डोक्यावर घेऊन निघालेला माणूस मी याच गावात पाहिला. आणि याच गावात माझं पेंडीचं एक पोतं कधी खपलं नाही. शेजारच्या गावात, त्याच मातीत घालायला, लोक गाड्या भरून न्यायचे. मी आपला वाघोडेकरांना चिक्कू म्हणून मोकळा व्हायचो.

“गजराचा तुकडा तर तुम्ही कधी बदलत नव्हता,” बाबा म्हणाले.

“नव्हतो. नुसते धोंडे होते तिथं. कुणी घेईना, म्हणून वर्षानुवर्षं तिच्याकडेच राहिला.”

“मग?”

“मग तिनं धोंडे वेचले. बांध घातला. डोक्यावरून पाणी आणून लिंबोण्या जगवल्या. आता तुकडा चांगला झाला, म्हणून...”

दिनकरराव अडखळले.

“म्हणून?”

“म्हणून यंदा घेतला अदलाबदलीत. बाकीच्यांवर अन्याय नको ना, बाबा!”

वर चिंचेत एक खार चिरकत होती.

“ती आली होती विनवायला?”

“आली होती.”

“तू काय म्हणालास?”

“म्हटलं, रडतेस कशाला? तुला काय गावाबाहेर काढतोय? दुसरं वावर मिळेल. मी आहे ना!... यात काय वाईट बोललो? सांगा तुम्ही.”

“नाही. वाईट काही नाही.”

बाबा गुडघ्यावर हात टेकून उठले. दिनकररावांच्या हातातली कुऱ्हाड त्यांनी अलगद काढून घेतली. धार बोटानं पाहिली.

मग वळले, आणि चिंचेच्या बुंध्यावर घाव घातला.

खाडकन आवाज झाला. खार पळाली. मी “या अल्ला!” म्हणालो की “अरे देवा!” म्हणालो, मला आठवत नाही. ती चिंच बाबांनी तरुणपणी लावलेली. तिच्याखाली त्यांचं आयुष्य गेलं. गावाची दुपार तिच्याखाली जायची.

त्यांनी दुसऱ्यांदा कुऱ्हाड उचलली. ऐंशीच्या घरातला माणूस!

दिनकररावांनी झेप घेऊन दांडा धरला.

“बाबा! काय करताय हे? वेड लागलं का... लहानपणी झोके घेतलेत मी हिच्यावर!”

“सोड.”

“नाही सोडणार!”

“जमीन कुणाची ही?”

“माझी... म्हणजे तुमचीच की! माझ्या वडिलांनी तुम्हाला राहा म्हटलं होतं.”

“म्हटलं होतं,” बाबा म्हणाले. “तेव्हा इथंही धोंडेच होते. आता सावली चांगली झालीय.”

“तुम्हाला कोण उठवतंय? दुसऱ्या कुणाला देईन का मी ही जागा? आणि समजा... समजा काही झालंच, तर दुसरी जागा देईन! मी आहे ना!”

बोलून गेले, आणि त्यांचेच शब्द त्यांच्या कानावर पडले.

तोंडाचा रंग उतरला. दांड्यावरची पकड सुटली. माझ्याकडे पाहिलं त्यांनी. वाघोड्यात माझं पोतं का खपत नव्हतं, तो हिशेब मला आत्ता लागत होता.

घावातून चिंचेचं ओलं लाकूड दिसत होतं.

दिनकरराव खाली बसले. त्या नव्या सदऱ्यानिशी, धुळीत.

“तिचा तुकडा तिच्याकडेच राहील,” ते म्हणाले. “यंदा नाही, कधीच बदलणार नाही. उद्या तालुक्याला जाऊन तिच्या नावावर करून देतो. शेट साक्षीदार.”

मी मान हलवली.



“पण बाबा, हे तिला तुम्ही सांगा. माझ्यावर नाही विश्वास बसायचा तिचा आता.”

“मी नाही सांगणार.”

“मग कसं पटेल तिला?”

बाबांनी कुऱ्हाडीचं पातं लुंगीला पुसलं आणि दांडा दिनकररावांपुढे धरला.

“जा. ही तिची तिला परत दे.”

“आत्ता? कुऱ्हाड?... अहो, पिसाळलीय ती!”

“हातात दे. जमिनीचं काय ते सांग. आणि माघारी फीर.”

“दोन लिंबोण्या अजून उभ्या आहेत, बाबा...”

“म्हणून तर.”

दिनकररावांनी कुऱ्हाड घेतली. दोन पावलं गेले. थांबले. मागं वळून पाहिलं, तेव्हा त्यांचा चेहरा शाळेत चुकलेल्या पोरासारखा झाला होता.

“आणि मी पाठ फिरवल्यावर तिनं त्याही तोडल्या तर?”

बाबा चिंचेच्या घावाला पाठ लावून बसले. डोळे मिटले.

“तर समज, जमीन अजून तुझीच आहे.”