पंख्याची किंकाळी

यंत्रं एकमेकांची सुखदुःखं विचारत, तेव्हाची गोष्ट. कंपनीतून तयार होऊन आलेल्या एका कॉम्प्युटरच्या डब्यात प्रोसेसर, त्याला वारा घालणारा छोटा पंखा आणि सगळ्यांना वीज वाटणारी पेटीमावशी राहायचे. पंखा भारी भित्रा. दाराची कडी वाजली तरी दचकायचा.

मालकीण शर्वाणी कार्टून फिल्म बनवायची. फिल्म सारखी अडकू लागली, तसा तिने प्रोसेसरचा वेग मर्यादेपलीकडे वाढवला.

"चूक माझीच, मीच मंद. आज जळालो तरी चालेल," म्हणत प्रोसेसर धावू लागला.

"अरे राजा, माझा जीव तो केवढा! जास्तीची वीज आणू कुठून?" मावशी कळवळली.

प्रोसेसर तापतच गेला. पंख्याला वाटलं, आवाज केला तर शर्वाणी आपल्यालाच काढून टाकेल. पण मित्र डोळ्यांदेखत होरपळत होता. शेवटी पंखा जीव खाऊन किंचाळला.

शर्वाणीने घाबरून कॉम्प्युटर बंद केला आणि झाकण उघडलं. "एवढा तापलास होय रे!" ती पुटपुटली. मग तिला दिसलं, प्रोसेसरला लागणारी माहिती हाताशी ठेवणाऱ्या मेमरीची एकच पट्टी सगळा भार वाहतेय आणि शेजारची खाच रिकामी आहे. तिने तिथे नवी पट्टी आणून बसवली, वेग पूर्वीइतका केला. फिल्म सरसर पुढे गेली.

"म्हणजे मी मंद नव्हतोच? नुसता मेमरीसाठी खोळंबायचो?" प्रोसेसरने विचारलं.

"मला काय ठाऊक बाबा! मी आपला घाबरून ओरडलो," पंखा म्हणाला, आणि हळूहळू वारा घालत राहिला.