मोकळी सोडलेली जागा

एकदा एक तरुण उपदेशक आपल्या पहिल्याच मोठ्या प्रवचनात इतका यशस्वी झाला, की त्यापायी एका म्हातारीचा जीव जायची वेळ आली.

ही गोष्ट साडेतीनशे वर्षांपूर्वीची, अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरची. समुद्र ओलांडून आलेल्या भाविक आणि कडक शिस्तीच्या लोकांनी तिथे जंगल तोडून एक लहानशी वस्ती उभी केली होती. पुढे समुद्र, मागे अरण्य आणि मधोमध फळ्यांचे एक सभागृह. प्रार्थना तिथेच होई आणि गावचा न्यायनिवाडाही तिथेच. नाटक नाही, गाणे नाही, मनोरंजनाची पुस्तके तर नाहीतच. त्या लोकांचे सगळे साहित्य म्हणजे प्रवचन. दर रविवारी दोन-दोन तास ते ऐकायचे, जमेल त्याने वहीत उतरवून घ्यायचे आणि पुढचा आठवडाभर त्यावरच बोलायचे. बोलणाऱ्याच्या जिभेला तिथे केवढे वजन असेल, ते आपणच ओळखावे.

तीस वर्षे त्या सभागृहात बोलणाऱ्या वृद्ध धर्मगुरूंना लोक थोरले गुरुजी म्हणत. त्यांच्या हाताखाली शिकणारा हा तरुण, म्हणून तो धाकटे गुरुजी. शिष्य हुशार होता, आवाज खणखणीत होता, आणि आपण हुशार आहोत हे त्याला जरा जास्तच ठाऊक होते. वक्तृत्वाच्या सगळ्या युक्त्या त्याने गुरूंकडून मन लावून उचलल्या होत्या. त्यातली एक त्याला विशेष आवडे. "भीती दाखवायची असेल तर नाव घेऊ नये," गुरूंनी एकदा सांगितले होते. "जागा मोकळी सोडावी. ऐकणारा ती आपल्या मनाने भरतो, आणि आपण स्वतः भरलेली गोष्ट माणसाला कधी खोटी वाटत नाही."

त्या हिवाळ्यात वस्तीत तापाची साथ आली. सहा आठवड्यांत पाच मुले दगावली. त्यातच थोरल्या गुरुजींचा घसा बसला आणि रविवारचे प्रवचन शिष्याकडे आले. त्याने चार रात्री जागून ते लिहिले होते. व्यासपीठावर चढून त्याने शांतपणे सुरुवात केली, हळूहळू आवाज चढवला आणि मग एकदम खाली आणला. "तो बाहेरून आलेला नाही. तो आपल्यातच बसला आहे. त्याचा हात तुमच्या उंबऱ्याला लागलेला आहे. त्याचा चेहरा तुमच्या ओळखीचा आहे." एवढे बोलून तो थांबला आणि मागच्या बाकांवरून नजर फिरवत राहिला.

सभागृहात एक बाई हुंदके देऊ लागली. गावचा गिरणीवाला ओबेड, ज्याची सात वर्षांची मुलगी नुकतीच गेली होती, तो बाकावरून खाली गुडघ्यांवर आला. शिष्य बोलत होता तो पापाबद्दल, माणसाच्या अंतःकरणात लपलेल्या पापाबद्दल. पण तसे त्याने म्हटले नव्हते. म्हटले असते तर प्रवचन पडले असते, हे त्याला ठाऊक होते. घरी जाताना त्याचे पाय जमिनीला लागत नव्हते.

मंगळवारपर्यंत ती मोकळी जागा लोकांनी भरून टाकली. तिथे त्यांनी टॅबिथाला बसवले.

टॅबिथा साठीची विधवा. खाडीकाठच्या खोपटात एकटी राहायची. बाळंतपणे करायची, पाला-मुळ्यांचे काढे द्यायची. ताप आलेल्या प्रत्येक घरी ती गेली होती, म्हणजे प्रत्येक उंबऱ्याला तिचा हात लागलेला होताच. चेहरा तर सगळ्यांच्या ओळखीचा. बुधवारी तिच्या दारावर दगड पडले. गुरुवारी तिची शेळी गोठ्यात गळा चिरलेली सापडली. शुक्रवारी पंचांनी ठरवले, की तिला वस्तीबाहेर घालवायचे का, याचा कौल येत्या सोमवारी गावाने द्यावा. जवळची दुसरी वस्ती तीन दिवसांच्या वाटेवर होती. मधे अरण्य आणि गुडघाभर बर्फ. घालवणे म्हणजे काय, हे सगळ्यांना कळत होते, पण मरण हा शब्द कोणी उच्चारत नव्हते.

शिष्य हादरला. तो धावत गिरणीवर गेला. तिथे आठ-दहा जण जमले होते. "अहो, मी टॅबिथाबद्दल बोललो नव्हतो," तो म्हणाला. "मी पापाबद्दल बोलत होतो. आपल्या सगळ्यांच्या मनातल्या."

ओबेडने त्याच्याकडे अपार आदराने पाहिले. "धाकटे गुरुजी, तुम्ही दयाळू आहात. म्हणून तर तुम्ही नाव घेतलं नाहीत. पण देव तुमच्या तोंडून बोलला, ते आम्हाला कळलं."

"तसं नाही हो. मीच ते लिहिलं. चार रात्री बसून लिहिलं."

"देव असाच लिहून घेतो," ओबेड म्हणाला, आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या.

आपलेच शब्द आपले ऐकेनात, यासारखी वक्त्याची दुसरी फजिती नाही. तिथून तो थेट गुरूंच्या घरी आला. गुरू शेकोटीजवळ घशाला फडके गुंडाळून बसले होते.

"रविवारी मला पुन्हा बोलू द्या," शिष्य म्हणाला. "निरपराध माणसाला मारणाऱ्यांचं काय होतं ते मी सांगतो. असं सांगतो, की कौल द्यायला त्यांचा हात उचलणार नाही. नरक त्यांच्या डोळ्यांसमोर उभा करतो."

गुरूंनी त्याच्याकडे पाहिले. "करशील, तेवढी तुझी ताकद आहे. आणि पुढच्या रविवारी तिसरा कोणी त्याहून मोठा नरक उभा करील. मग?" त्यांचा आवाज खरखरीत, जेमतेम ऐकू येणारा होता. "रविवारी फक्त प्रार्थना होईल. प्रवचन नाही."

"आणि सोमवारी?"

"सोमवारी कौल," एवढेच बोलून गुरूंनी डोळे मिटले. शिष्याला त्यांचा संताप आला. म्हातारपणी हे घाबरले, असेच त्याला वाटले.

त्या वस्तीत कौल घेण्याची एक रीत होती. प्रत्येक मतदार पुरुषाने घरून दोन दाणे आणायचे, एक मक्याचा आणि एक घेवड्याचा. व्यासपीठाखालच्या टेबलावर एक लाकडी वाडगे फडक्याने झाकून ठेवलेले असे. एकेकाने पुढे जायचे, मूठ फडक्याखाली घालायची आणि एक दाणा सोडायचा. मका म्हणजे होकार, घेवडा म्हणजे नकार. कोणी काय टाकले ते कोणाला दिसत नसे, आणि सगळे अर्ध्या घटकेत आटपे.

सोमवारी दुपारी सभागृह गच्च भरले. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. टॅबिथाला दाराजवळ, सगळ्यांपासून दूर उभे केले होते. कोणी तिच्याकडे पाहत नव्हते, आणि तरीही सगळ्यांचे लक्ष तिच्याकडेच होते. पंचांनी प्रश्न वाचून दाखवला.

तेव्हा थोरले गुरुजी उठले. टेबलावरचे वाडगे त्यांनी फडक्यासकट उचलले, सावकाश पावले टाकत दारापर्यंत गेले आणि ते टॅबिथाच्या हातांत दिले. मग तिला कोपराला धरून पुढे आणले आणि व्यासपीठाच्या पायरीवर बसवले. टेबल त्यांनी पायाने बाजूला सारले.

सभेत कुजबुज उठली. शिष्याचे मन किळसले. स्वतःच्या मरणाचे वाडगे तिलाच धरायला लावायचे? एवढा क्रूरपणा त्याने गुरूंमध्ये कधी पाहिला नव्हता. पंचांपैकी एकाने हरकत घेतली. गुरू म्हणाले, "वाडगं टेबलावरच हवं असं कुठे लिहिलंय? फडकं आहे. तिला काही दिसणार नाही. सुरू करा."

पहिला उठला तो कोळी होता. तरातरा आला, पण वाडग्यापर्यंत पोचायला त्याला वाकावे लागले आणि वाकल्यावर तिचा चेहरा त्याच्या चेहऱ्यापासून हातभरावर आला. टॅबिथा घाबरलेली होती. पण समोर माणूस आला की विचारपूस करायची, ही तिची जन्माची सवय. "गुडघा कसा आहे?" तिने विचारले.

कोळी गोंधळला. "बरा आहे," तो पुटपुटला, फडक्याखाली मूठ घातली आणि निघून गेला.

दुसऱ्याला तिने त्याच्या बायकोला कितवा महिना लागला ते विचारले. तिसऱ्याला काहीच विचारले नाही, फक्त वाडगे जरा वर उचलून धरले, कारण त्याची पाठ वाकत नसे. एकेक जण येत होता. जागेवरून उठताना पावले जोरात पडत होती, तिच्यापाशी येईपर्यंत मंद होत होती. काही जण तरीही दातओठ खात आले आणि तसेच गेले. शिष्य एकेक मूठ पाहत होता. कोणत्या मुठीत काय आहे ते कळायला मार्ग नव्हता.

मग ओबेड उठला.

तो तिच्यापुढे येऊन उभा राहिला. वाकला नाही. त्याची मूठ इतकी आवळलेली होती, की बोटांची पेरे पांढरी पडली होती. टॅबिथाने वर पाहिले.

"ओबेड, पोर गेल्यावर मी तुझ्या दाराशी दोनदा आले होते," ती म्हणाली. "तू दार उघडलं नाहीस. मला एवढंच सांगायचं होतं, की शेवटच्या पहाटे तुझा डोळा लागला होता तेव्हा पोर जागी झाली. तिनं पाणी मागितलं. दोन घोट प्यायली. मग म्हणाली, बाबांना उठवू नकोस, ते दमलेत."

ओबेडने मूठ सैल केली. मग तो पायरीवर तिच्या शेजारीच बसला. फडक्याखाली हात घालून त्याने कोणता तरी दाणा टाकला, पण तिथून उठला मात्र नाही. बाकीच्यांना त्याला वळसा घालून यावे लागले.

सर्वांत शेवटी शिष्य आला. ती इतकी थकली होती, की त्याला तिने काही विचारले नाही.

चोपन्न मते पडली. मक्याचे दाणे अकरा, घेवड्याचे त्रेचाळीस. पंचांनी आकडे वाचले आणि लोक एकमेकांकडे न पाहता आपापल्या घरी गेले.

सभागृह रिकामे झाल्यावर शिष्य गुरूंच्या पायाशी बसला. "मला वाटलं, तुम्ही तिची विटंबना करताय."

"तिला आधी विचारलं होतं," गुरू म्हणाले. "ती म्हणाली, धरीन." त्यांना खोकला आला. "मुला, या व्यासपीठापासून मागच्या बाकापर्यंत चाळीस पावलं आहेत. तुझ्या शब्दांना भीती घालायला तेवढं अंतर लागतं. दूर दाराशी उभी असलेली टॅबिथा काहीही असू शकते. हातभरावरची टॅबिथा फक्त टॅबिथाच असते. मी दुसरं काही केलं नाही. अंतर तेवढं काढून घेतलं."

"पण त्यांतले काही नुसत्या लाजेनं बदलले असतील."

"असतील. भीतीनं मारण्यापेक्षा लाजेनं वाचवलं तर माझी तक्रार नाही." पुढचे बोलणे त्यांना जड गेले. "जागा मोकळी सोडायची युक्ती तुला मीच शिकवली. ती मी एकदा वापरली होती, तुझ्याच वयाचा असताना. तेव्हा वाडगं टेबलावर होतं. एक माणूस बर्फात गेला. आज मला त्याचं नाव आठवतं, प्रवचनातलं वाक्यही आठवतं. चेहरा आठवत नाही. मी तो जवळून पाहिलाच नव्हता."



"आता एक काम कर," गुरू म्हणाले. "ते प्रवचन घेऊन तिच्या घरी जा आणि तिला वाचून दाखव. सगळं. एकही शब्द न गाळता."

दुसऱ्या दिवशी दुपारी शिष्य खाडीकाठच्या खोपटात गेला. टॅबिथाने चुलीवर भांडे चढवले होते. वाडग्यातले दाणे तिने मागून आणले होते. अशा थंडीत धान्य टाकून कोण देतं, असे तिचे म्हणणे. त्यात घरचे मूठभर धान्य घालून, रात्रभर भिजवून मका आणि घेवडा दोन्ही तिने एकत्रच शिजायला घातले होते.

"बसा, धाकटे गुरुजी," ती म्हणाली. "त्या दिवशी मी मागे होते, मला नीट ऐकू आलं नाही. वाचा."

त्याने कागद उघडले आणि वाचायला सुरुवात केली. खोपटात आवाज चढवायला जागा नव्हती. साध्या आवाजात वाक्ये उघडीबोडकी वाटत होती. तो आपल्यातच बसला आहे. त्याचा हात तुमच्या उंबऱ्याला लागलेला आहे. त्याचा चेहरा तुमच्या ओळखीचा आहे. त्या ओळीपुढे समासात त्याने स्वतःच्याच सुंदर अक्षरात स्वतःसाठी सूचना लिहून ठेवली होती: इथे थांबावे. वर पाहावे.

तो थांबला. त्याने वर पाहिले.

समोर एकच माणूस होते. हातात पळी घेऊन, पुढचे ऐकायला मान जराशी वाकडी करून ती बसली होती.

"पुढे?" टॅबिथाने विचारले.

शिष्याच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले. "पुढचं मला वाचता येत नाही," तो म्हणाला.

तिने एक वाटी भरून त्याच्या हातात दिली. "मग आधी खाऊन घ्या," ती म्हणाली. "गार होईल."

पुढे त्या उपदेशकाने चाळीस वर्षे प्रवचने केली. ती फारशी गाजली नाहीत. एखादे कठोर वाक्य लिहून झाले, की तो ते आधी कोणाच्या तरी घरी जाऊन, समोर बसून वाचून पाहत असे.