मिरीच्या दुकानातली पेढी

अपरान्तातल्या एका बंदरात जयमित्र राजा राज्य करीत होता, त्या काळी बोधिसत्त्व त्याचे न्यायामात्य होते.

परगावी पैसे पोचवणाऱ्या पेढ्यांना तिथे नियम होता: राजकोषात अनामत ठेवावी आणि लोकांचे धन आपल्या धनात मिसळू नये. भद्रसेन नावाचा व्यापारी मात्र मिरी विकता विकता लोकांचे पैसेही पोचवीत असे. स्वतःला नुसता मिरीवाला म्हणवून अनामत चुकवल्याने त्याचे मन फार उदार झाले होते.

एकदा त्याने लोकांच्या पैशांतून स्वतःसाठी जहाज घेतले. रेवा नावाची विणकरीण रडत दरबारात आली. तिचा नवरा प्रतिष्ठान नगरीत कर्जापायी दास झाला होता. सुटकेसाठी तिने भद्रसेनाकडे दिलेले पैसे पौर्णिमेपूर्वी पोचले नाहीत, तर धनी त्याला दूरदेशी विकणार होता.

भद्रसेन म्हणाला, "महाराज, मी साधा मिरीवाला. पैसे पोचवतो ते प्रेमाखातर, कवडी घेत नाही. तो मीठवाला गाडीवानही शेजाऱ्यांचे पैसे नेतो. त्यालाही पेढीवाला म्हणणार?"

राजा पेचात पडला. राजे पेचात पडतात, म्हणून तर अमात्य ठेवतात.

बोधिसत्त्वांनी विचारले, "बाई, तुम्ही याची मिरी घेतली?"

"घ्यावीच लागते, बाबा! तीही दहापट भावाने. त्याशिवाय हा पैशाला हात लावत नाही. घरात तांदळाचा दाणा नाही, मिरी मात्र दोन मडकी!"

"आणि गाडीवान काय घेतो?"

"तो? तांब्याभर पाणी पितो नि जातो."

बोधिसत्त्व म्हणाले, "येईल त्याचे पैसे मोबदला घेऊन परगावी पोचवणे हा ज्याचा धंदा, तो पेढीवाला, मोबदल्याला तो काहीही म्हणो. ओळखीच्यांचे काम फुकट करतो, तो शेजारी. त्याला नियम नको, त्याचे आभार मानावेत."

जहाज जप्त झाले. लिलावाला महिना लागेल, असे कोषाध्यक्षाने शांतपणे सांगितले. नवरा त्याचा नव्हता. बोधिसत्त्वांनी त्याच दिवशी आपला रथ विकला आणि रेवाचे पैसे घोडेस्वाराबरोबर धाडले. जप्तीतला अमात्याचा रिवाजी हिस्साही त्यांनी फसलेल्यांत वाटला.

पौर्णिमेनंतर रेवा नवऱ्याला घेऊन त्यांच्या दारी आली.  दोघांनी हात जोडले.

ही कथा भिक्षूंना सांगून शास्ते, म्हणजे बुद्ध, म्हणाले, "रेवा म्हणजे आजची उपासिका नंदिनी, जयमित्र म्हणजे भिक्षू सुदत्त. अमात्य मीच होतो. त्या वेळचा भद्रसेन आज संघाचे दान सांभाळतो, आणि चोख सांभाळतो. त्या जन्मावरून त्याला चिडवू नका, आजच्या चोखपणाबद्दल त्याचे ऋण माना. नियम कुणासाठी केला, हे ज्या बुद्धीला विसरता येत नाही, तिलाच करुणा म्हणतात."