तीन पायांच्या नक्षत्रेचे घर

पूर्वी शाल्मली नगरीवर उदयवर्मा राजाचा अंमल होता, त्या काळी बोधिसत्त्वाने एका गवंड्याच्या घरी जन्म घेतला होता. देवल हे त्याचे नाव. हाताने कुशल होता, आणि काम हाती घेण्यापूर्वी बराच वेळ नुसता पाहत बसायचा.

एकदा डोंगरातल्या वनवासी लोकांची म्हातारी मल्ली एक कासव घेऊन राजवाड्यात आली. काळ्या पाठीवर पिवळ्या चांदण्या रेखलेल्या. वणव्यात त्याचा मागचा एक पाय जळून गेला होता. म्हातारी म्हणाली, "रानात ही मादी जगायची नाही. राजकन्येने सांभाळावी."

राजकन्या शेफालिका दहा वर्षांची होती. तिने कासवाचे नाव नक्षत्रा ठेवले आणि ती टाळ्या पिटत वाडाभर धावली. दोन दिवसांत सगळ्या नगराला तोच एक विषय झाला. कुणी दारावर तोरण बांधा म्हणे, कुणी हिंडायला बाग करा म्हणे. राजालाही उत्साह आला. त्याने जाहीर केले, "वसंतोत्सवाला शेजारच्या राज्याचे दूत येणार आहेत. त्याआधी नक्षत्रेचे घर तयार हवे. जो बांधील त्याला बकुळ गाव इनाम."

सुकेतु नावाच्या अमात्याने लगेच आराखडा मांडला. पांढऱ्याशुभ्र संगमरवराचा चौक, मधोमध कंबरभर पाण्याचे कुंड, कुंडात कमळे, आणि सोबतीला आणखी कासवे. दरबार "वाहवा" करू लागला. काम देवलाला सांगितले गेले.

बोधिसत्त्व म्हणाला, "महाराज, चौकाची फरशी माझी माणसे घालायला घेतील. पण कुंड खणण्याआधी मला सात दिवस द्या. जिचे घर, तिला जरा पाहून घेतो."

राजा हसला आणि त्याने सात दिवस दिले.

बोधिसत्त्व परसात नक्षत्रेजवळ बसला. शेफालिकाही येऊन बसली. मग काय, रोज नवे नवल! ऊन कोवळे असते तेव्हा नक्षत्रा पाठ शेकत पडते. ऊन तापले की करवंदीच्या जाळीत शिरते. मऊ माती दिसली की उकरते. जास्वंदीचे पान तर असे ओढते की राजकन्येच्या हातून निसटावे. तिसऱ्या दिवशी शेफालिका भर दरबारात धावत आली.

"तात, तिला पोहता येत नाही! ताटलीभर पाण्यात बसून पाणी पिते ती!"

"बरं, बरं," राजा म्हणाला आणि पुन्हा दूतांच्या मुक्कामाचे बोलू लागला.

इकडे अमात्याला धीर नव्हता. चौकाची फरशी घालून झाली होती. त्याने पारध्यांकडून दोन नर कासवे आणवली आणि सहाव्या दिवशी तिघांना चौकात सोडले. शेफालिका आनंदाने नाचू लागली. "आता ती एकटी नाही!"

दुपार व्हायच्या आत दोन्ही नर एकमेकांवर धडका देऊ लागले. एकाने दुसऱ्याला उलथून पाडले. तापलेल्या दगडावर तो उताणा पडून पाय हलवू लागला. पहिल्याने आता नक्षत्रेला भिंतीशी गाठले आणि तो तिच्या पायांना चावू लागला. तिचे उरलेले तीन पाय गुळगुळीत फरशीवरून घसरत होते. लपायला कुठे आडोसा नव्हता.

"गवंडीकाका! गवंडीकाका, लवकर या!" राजकन्या ओरडली.

बोधिसत्त्व अनवाणी धावला. पाय भाजत असताना त्याने आधी उताण्या कासवाला सुलटे केले, मग नक्षत्रेला उचलून सावलीत नेले. शेफालिकेने तापलेल्या कासवाच्या अंगावर ओंजळीने पाणी शिंपडले. बऱ्याच वेळाने त्याने मान बाहेर काढली, तेव्हा ती रडता रडता हसली.

गलबला ऐकून राजा आला. अमात्य म्हणाला, "जनावरेच ती, महाराज. होईल सवय. उत्सव नऊ दिवसांवर आला. आता कुंड खणू द्या."

"देवला, ऐकलेस ना?" राजा म्हणाला.

बोधिसत्त्वाने हात जोडले. "महाराज, ते कुंड मी खणणार नाही. ती त्यात बुडून मरेल."

"आणि इनामाचे गाव?"

"ज्याला हवे त्याला द्या. मला मुदपाकखान्यामागची भाजीच्या जुन्या वाफ्यांची जागा तेवढी द्या."

राजाचा चेहरा लाल झाला. पण शेफालिकेने त्याचा हात धरला. "तात, द्या ना. मी पाहिलंय सगळं. काका खरं बोलताहेत."

"दिली जागा," राजा म्हणाला. "पण पाहुण्यांपुढे माझी फजिती झाली, तर देवल या नगरात राहणार नाही."

बोधिसत्त्वाने त्याच दिवशी कुदळ धरली. कासवे उकरतात म्हणून त्याने कुंपणाच्या भिंतीचा पाया हातभर खोल नेला. पूर्वेला रेताड मातीचा उंचवटा केला. करवंदीच्या जाळ्या लावल्या, फुटके रांजण आडवे पुरले, गारठ्यासाठी जाड गवताची खोपी शाकारली, पाण्यासाठी मातीची उथळ परळ ठेवली. शेफालिका चिखलाने माखून माती वाहत होती.

सोबतीचे काय करावे, हे विचारायला त्याने मल्लीला बोलावले. म्हातारी म्हणाली, "ही जात एकटी राहिली तरी झुरत नाही. सोबत द्यायचीच तर मादीची द्या, आणि लपायला जागा भरपूर ठेवा. नर एका कुंपणात नांदत नाहीत. माझ्या अंगणात सावळी म्हणून एक म्हातारी मादी आहे, माणसाच्या हातचे खाते. तिला आणते. पण महिनाभर वेगळी ठेवा. रोगराई नाही ना, ते कळू दे."

"आणि माझा नर?" शेफालिकेने विचारले. तिनेच पाणी शिंपडून वाचवलेला.

म्हातारी म्हणाली, "तो धडधाकट आहे, बाळ. त्याला त्याचे रान आहे."

"तो माझ्याकडे बघतो!"

राजकन्या दिवसभर त्या कासवाशेजारी बसली. दुसऱ्या दिवशी तिने दोन्ही नर स्वतः मल्लीच्या टोपलीत ठेवले. "पारध्यांच्या वाटेवर सोडू नकोस हं, आजी," एवढेच म्हणाली आणि टोपली दिसेनाशी होईपर्यंत उभी राहिली.

उत्सवाचा दिवस आला. दूत आले, मागोमाग सारे नगर लोटले. पाहतात तो मातीचा ढीग, काटेरी जाळ्या आणि फुटके रांजण. कासव कुठेच नाही. अमात्य सुकेतु हळूच म्हणाला, "घर छान आहे हो, उकिरड्यासारखे." लोक हसले. राजाने बोधिसत्त्वाकडे रागाने पाहिले.

तेवढ्यात शेफालिका कुंपणावर ओणवली. "श्श! कुणी बोलू नका!"

करवंदीखालून नक्षत्रा बाहेर आली. उंचवट्यावर चढली आणि थांबली. मग मागच्या एकाच पायाने माती उकरू लागली. एकदा, पुन्हा एकदा. जिकडे पाय नव्हता तिकडची माती परत खड्ड्यात घसरायची. ती पुन्हा काढायची. शेकडो माणसे श्वास रोखून उभी होती. मुख्य दूत भरजरी वस्त्रांनिशी मातीत गुडघे टेकून पाहू लागला. ऊन कलले तेव्हा खड्डा पुरता झाला.

"अंडं!" शेफालिका कुजबुजली. "तात, अंडं!"

एक, दोन, तीन... पाच अंडी झाली. नक्षत्रेने त्याच एका पायाने ती मातीने झाकली आणि जाळीत निघून गेली. मग लोकांच्या हर्षाला पारावार राहिला नाही.

राजा कुंपणापाशी आला. तो म्हणाला, "देवला, त्या संगमरवरावर तिने कुठे खणले असते रे?"

त्याने बकुळ गाव बोधिसत्त्वाला देऊ केले. बोधिसत्त्वाने ते घेतले नाही. "द्यायचेच तर त्या डोंगरात कासवे धरायला बंदी करा," तो म्हणाला. राजाने त्याच दिवशी दवंडी पिटवली.

एवढे सांगून शास्ते, म्हणजे भगवान बुद्ध, थांबले. विहारातले तरुण भिक्षू एका लंगड्या वृद्ध स्थविरांसाठी मोठ्या हौसेने माडीवर खोली बांधत होते, त्यांच्यासमोर त्यांनी ही कथा सांगितली होती. मग ते म्हणाले, "भिक्षूंनो, तेव्हाचा राजा तो आजचा भिक्षू सुदत्तक, अमात्य तो आराखडा काढणारा हा वप्पिल, राजकन्या ती भिक्षुणी रेणुमती आणि मल्ली ती उपासिका खेमिला. नक्षत्रा म्हणजे तुमचे हे लंगडे स्थविर, आणि गवंडी मी होतो. दुसऱ्याचे सुख त्याच्या जागी बसून ओळखणे, हीच प्रज्ञापारमिता, प्रज्ञेची परिपूर्णता."

वप्पिल उठला आणि स्थविरांजवळ जाऊन बसला. "भन्ते," त्याने विचारले, "तुम्हाला कुठे राहायला आवडेल?"