मार्गदर्शक : अष्टेकर सर

एक ओळही न वाचता दुसऱ्याच्या पुस्तकावर हक्क सांगायला लोकांना लाज कशी वाटत नाही?

विद्यापीठाच्या सर्जनशील लेखन विभागात कुणा विद्यार्थ्याच्या पुस्तकाला पुरस्कार मिळाला, की वार्षिक अहवालातल्या यादीत त्यापुढे मार्गदर्शक म्हणून विभागप्रमुख अष्टेकर सरांचं नाव चढायचं. यंदा पाळी ऋजुताच्या कथासंग्रहाची होती. तीन वर्षं ती एकटी त्यावर खपली होती. सरांनी हस्तलिखित उघडलंसुद्धा नव्हतं.

"कथा न् कथा मी घडवून घेतलीय," सर कार्यालयात सगळ्यांदेखत म्हणाले. "नलावडेबाई, टाइप करा."

ऋजुताचं डोकं तापलं, पण ती गोड हसली. "बरं झालं सर! दुसऱ्या कथेत इतरांनी लिहून दिलेली भाषणं ठोकणारे कुलगुरू आहेत ना, ते आपल्या कुलगुरूंना फार लागलंय. ही कल्पना कुणाची, हे विचारायला त्यांनी मला उद्या बोलावलंय. तुमचंच नाव सांगते."

सरांचा चेहरा खर्रकन उतरला. "छे छे! त्या पुस्तकातली एक ओळही मी वाचलेली नाही!"

"मग अहवालात तसंच येऊ द्या."

नलावडेबाईंनी कीबोर्डवरचे हात थांबवले. "सर, यादीतल्या तुमच्या नावाच्या बाकीच्या अकरा पुस्तकांपुढेही हेच लिहू का?"