बारमाही बाजाराला गेलेली राही

एकदा काय झालं, डोंगरापलीकडच्या कोळवडीत एका म्हाताऱ्याच्या तोंडाची चवच गेली. म्हाताऱ्याचं नाव दौलूतात्या. मोठा जाणता शेतकरी, बरं का. पण त्यांची बायको वारली आणि त्यांनी शेताकडे पाठ फिरवली. मग बोलणं जवळपास सोडलं. मग जेवणही सोडलं. पुढ्यात भाकरी ठेवली, की म्हणायचे, "माती लागते गं."

घरात एकटी सून, राही. तिचा नवरा बैलगाडी घेऊन घाटाखाली गेलेला, तो महिनाभरानं यायचा. राहीनं पिठलं केलं, खीर केली, झणझणीत ठेचा केला. तात्या आपले भिंतीकडे तोंड करून पडलेले. इतके वाळले, इतके वाळले, की पांघरुणात माणूस आहे की नुसतंच पांघरूण, तेच कळेना.

राही त्यांच्या उशाशी बसली. म्हणाली, "मामंजी, एकदा सांगा तरी. काय खावंसं वाटतं?"

तात्या भिंतीलाच सांगितल्यासारखं बोलले, "करटुल्याची भाजी. हुरडा. आणि करवंदं."

आता काय करावं? करटुली श्रावणातली, हुरडा पौषातला, करवंदं वैशाखातली. आणि दिवस होते कार्तिकाचे! राहीच्या डोळ्यांत पाणीच आलं.

शेजारी मथाई राहायची. वाकळा शिवून शिवून तिची बोटं वाकडी झालेली. ती म्हणाली, "रडतेस काय? बारमाही बाजाराला जा. तिथं बाराही महिन्यांचे शेतकरी बसतात."

"आणि वाट कोण दाखवणार?"

"पाखरं दाखवतील. सकाळी बघ, करवंदं खाऊन कुणाची चोच जांभळी झालीय ते. कार्तिकात चोच जांभळी करायला ती कुठं जातात, म्हणतेस?"

मग सकाळी राही अंगणात उभी राहिली. खरंच की! एक बुलबुल कौलांवर बसून जांभळी चोच पुसत होता. तो उडाला, राही त्याच्यामागे निघाली. ओढा ओलांडला, दोन टेकड्या ओलांडल्या. पुढं सावरीची दोन उंच झाडं लागली, वेशीसारखी. त्यांच्या मधून ती आत गेली आणि तिथंच थबकली.

केवढा बाजार! पण आवाज कसा, तर दुरून ऐकल्यासारखा. एका रांगेवर भुरभुर पाऊस, तिथली माणसं पानांची इरली पांघरून बसलेली. पुढच्या रांगेत धुकं, तिथं शेकोट्या. त्याच्या पुढच्या रांगेत कडक ऊन, आंब्याचा वास. पाऊस त्या उन्हात जात नव्हता, आणि ऊन या धुक्यात येत नव्हतं. चार पावलं टाकली की महिना बदलायचा, बरं का!

राही आधी पावसाच्या रांगेत गेली. एक शेतकरी करटुली धूत होता. म्हणाला, "बाई, जरा माझ्यावर इरलं धर." तिनं धरलं. त्यानं तिची ओटी करटुल्यांनी भरली. ती धावत सावरीच्या झाडांशी आली, बाहेर पाऊल टाकलं, आणि ओटीतून पाणी गळलं. करटुली नाहीत. नुसतं पाणी.

मग ती धुक्याच्या रांगेत गेली. तिथं कणसं भाजत होता एक तरुण शेतकरी, त्याचं नाव सुभान. म्हणाला, "ताई, आगटी विझत आलीय, फुंकर घाल." तिनं फुंकली, डोळे लाल होईपर्यंत फुंकली. त्यानं ओंजळभर हुरडा दिला. तिनं पदरात घट्ट बांधला. बाहेर पाऊल टाकलं, गाठ सोडली, तर आतून धुकं निघालं. पांढरं, गार. हवेत विरून गेलं.

मग ती उन्हाच्या रांगेत गेली. करवंदवाली म्हातारी पळसाच्या पानांचे द्रोण मांडून बसली होती. तिनं एक द्रोण पुढं केला. राहीनं हातच पुढं केला नाही.

"आजी, इथला माल वेशीबाहेर जात नाही ना?"

"नाही गं बाई. ज्याचा महिना, त्याच्यापाशीच राहतो. पोटात गेलं तेवढंच बाहेर जातं."

राहीनं जरा विचार केला. "आणि बाहेरचं माणूस आत येऊ शकतं?"

म्हातारी हसली. "तू नाही का आलीस?"

मग काय! राही पळत घरी आली. तिनं तात्यांना उठवून बसवलं आणि त्यांच्यापुढं पाठ करून वाकली.

"चला मामंजी, बाजाराला."

"अगं, सुनेच्या पाठीवर बसून? लोक काय म्हणतील?"

"लोक म्हणतील ते म्हणतील. तुम्ही डोकं सांभाळा, वाटेत फांद्या आहेत."

तिनं त्यांना पाठुंगळी घेतलं. ओढा ओलांडला. पहिली टेकडी ओलांडली. दुसऱ्या टेकडीवर चढता चढता ती गुडघ्यावर बसली. तात्या म्हणाले, "ठेव मला इथंच, पोरी." तिनं पदर खोचला आणि ती पुन्हा उठली.

आत आल्यावर करटुलीवाल्यानं वाफाळती भाजी दिली. तात्यांनी एक घास घेतला. तोंड फिरवलं. करवंदवालीनं द्रोण दिला. तात्यांनी एक करवंद चघळलं. तोंड फिरवलं. आता राहिला होता नुसता हुरडा.

धुक्याच्या रांगेत सुभान कणसं भाजत होता. तात्या शेकोटीपाशी बसले. बघत राहिले. बघता बघता एकदम ओरडले, "अरे अरे, करपलं! असं धरतात का कणीस? सरक तिकडं!"

सुभान घाबरून सरकला. तात्यांनी कणीस हातात घेतलं. विस्तवाच्या कडेला धरलं, हळूहळू फिरवलं, तळहातावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला. हिरवे, मऊ, गरम दाणे. पहिली मूठ त्यांनी राहीला दिली.

"खा. दमलीस तू."

आणि दुसरी मूठ स्वतःच्या तोंडात टाकली. चावता चावता त्यांचे डोळे भरून आले. म्हणाले, "तिला असाच आवडायचा. जरासा कोवळा."

बायको गेल्यापासून तिच्याबद्दल ते आज पहिल्यांदा बोलले, बरं का. मग बोलतच राहिले. सुभानला भाजायला शिकवलं. आजूबाजूचे शेतकरी जमले. कुणी बियाणं विचारलं, कुणी कीड दाखवली. तात्या सगळ्यांना सांगत होते, मधेच हुरडा खात होते, आणि राही शेकोटीच्या उबेला बसून डुलक्या घेत होती.

दिवस कलला तशी ती दोघं परत निघाली. येताना तात्या वाटेत उचललेली काठी टेकत स्वतःच्या पायांनी चालले. घरी आले, पाय धुतले, पाटावर बसले आणि म्हणाले, "राही, भाकरी वाढ. आणि तुझंही ताट घे, दोघं बरोबरच जेवू."

पुढं राहीचा नवरा आला, तर बाप कुठं? बाप शेतात! तात्या पुष्कळ वर्षं जगले. राहीला दोन मुली झाल्या, त्यांना शेतातलं सगळं सगळं तात्यांनीच शिकवलं. कष्ट करायची, पोटभर जेवायची, आणि पाठ टेकली की गाढ निजायची ती सगळी.

निजा हं आता तुम्हीही. डोळे मिटा बघू.